चौदा मशीनं आणि कलम सात

पाणी खात्याच्या तक्रार केंद्रात चौदा खुर्च्या होत्या आणि चौदाही खुर्च्यांवर न दिसणारी माणसं बसायची. कुणी दया येऊन बसवलेली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक लगेच चुकचुकायला लागतात. परीक्षा देऊन आलेली माणसं होती ती. डाव्या कानात तक्रारदार, उजव्या कानात मशीन. तक्रारदार म्हणायचा, "आमच्याकडे तीन दिवस गढूळ पाणी येतंय हो," की त्याचं वाक्य संपायच्या आत मशीन उजव्या कानात वाचून मोकळं व्हायचं: पाइप कुठल्या टाकीवरून येतो, झडप कुठली, मागची तक्रार कधीची. तेही अशा वेगाने, की नवख्याला वाटावं डास गुणगुणतोय. दोन मिनिटांच्या आत फोन खाली. शेजारच्या रस्ते खात्यात हेच काम डोळस माणसं करायची, आणि त्यांना एका फोनला सहा मिनिटं लागायची. चार मिनिटं खड्डा कुठे आहे ते समजून घेण्यात, दोन मिनिटं तो आपल्या हद्दीत कसा नाही ते समजावण्यात.

ह्या चौदा मशीनांची देखभाल ज्याच्याकडे होती, त्याला सगळे खुडबुड्या म्हणायचे. त्याचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, तिथेच राहिलं. मूळचा पंप मेकॅनिक. शाळा नववीपर्यंत. केंद्र सुरू झालं तेव्हा तो तिथला पंखा दुरुस्त करायला जिना चढला आणि उतरलाच नाही. पंखा झाला, मग एका हेडफोनची वायर झाली, मग कुणाचं तरी मशीन मध्येच गप्प व्हायचं ते झालं. पहिल्या खुर्चीवर त्याची थोरली बहीण बसायची, जन्मापासून न दिसणारी. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे तो शेहेचाळिशीला आला तरी त्याचा कान हाताशी असल्यासारखी बोलायची. बाकीच्यांना खुर्चीच्या नंबरावरूनच हाका. आठ नंबर सगळ्यांत वात्रट. ताईला मात्र एक नंबर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती सगळ्यांची ताई.

त्या मशीनांमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत सगळा गाडा हाकणारी मूळ प्रणाली, ती फुकटची होती. जगभरातले हजारो लोक आपापल्या फावल्या वेळात ती बनवायचे. एकच प्रणाली, पण तिच्या आवृत्त्या अनेक. ज्या मशीनासमोर कुणी बसतच नाही त्याच्यासाठी सर्व्हर आवृत्ती. टेबलावरच्या मशीनासाठी डेस्कटॉप. आणि एक बोलकी. ती कुठल्याशा देशातल्या एका पियानो जुळवणाऱ्याने बनवली होती. त्यालाही दिसत नव्हतं. बटण दाबल्या क्षणापासून ती बोलायची. पडद्यावर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काही नाही. बघणारच कुणी नाही, तर दाखवायचं कुणाला? त्यामुळे ती हलकी होती, आणि खात्याने दुसरीकडून काढून टाकलेल्या जुनाट मशीनांवरसुद्धा वाऱ्यासारखी धावायची. खुडबुड्याने ती शोधून काढली, रात्रंदिवस डोकं घालून चौदा मशीनांवर बसवली, आणि सात वर्षं केंद्र बिनतक्रार चाललं. तक्रार केंद्राबद्दल याहून मोठं ते काय बोलणार!

मग तो सोमवार आला.

सकाळी आठ वाजता चौदा जणांनी हेडफोन चढवले आणि चौदाही उजवे कान रिकामे. फोन वाजतायत, तक्रारदार बोलतायत, मशीन गप्प.

"खुडबुड्या," आठ नंबर ओरडला, "माझं मशीन रुसलंय रे!"

"माझंही," पाच नंबर म्हणाली.

"म्हणजे सामुदायिक रुसवा. काल कुणी त्यांना वेडंवाकडं बोललं होतं का?"

"गप्प बस रे आठ," ताई म्हणाली. तिने फोन उचलला होता. "हां, बोला. कुठली गल्ली? हो, ती जुन्या टाकीवर आहे. झडप बहुतेक शाळेच्या मागची. लिहून घेतलं." तिने काहीच लिहून घेतलं नव्हतं, डोक्यात ठेवलं होतं. असे एकसष्ट फोन तिने त्या दिवशी नुसत्या आठवणीवर काढले, आणि संध्याकाळी भावाला शेजारी बसवून एकेक सांगून भरून घेतले.

टेबलांखाली सरपटत खुडबुड्याला पाच तास लागले. आणि जे सापडलं त्याने त्याचं डोकं फिरलं. रविवारी मशीनांनी नेहमीसारखं अपडेट घेतलं होतं. अपडेट करणाऱ्या प्रोग्रामला आधी कळावं लागतं, की आपण कुठल्या आवृत्तीवर काम करतोय. ते कुठे लिहिलेलं? कुठेच नाही! दारावरच्या पाटीसारखी एक छोटी फाइल प्रत्येक मशीनात असते. तिच्यात प्रणालीचं नाव असतं, क्रमांक असतो. आवृत्तीचं नाव नव्हतं. सर्व्हरवाले कुठल्या तरी कोपऱ्यात खूण म्हणून एक रिकामी फाइल टाकून ठेवायचे. डेस्कटॉपवाले म्हणायचे, आम्ही दिसतोच की. बोलक्या आवृत्तीचं नाव फक्त तिच्या स्वागताच्या वाक्यात, आणि तेही कानाला. तर प्रोग्राम अंदाज बांधायचा. ह्या वेळी त्याला नवा अंदाज शिकवला होता: पडद्यावर चित्र नाही, म्हणजे सर्व्हर. आणि सर्व्हरला आवाज कशाला हवा? काढून टाका. टाकला. खुडबुड्याने तो परत बसवला आणि पुढच्या अपडेटने काढू नये म्हणून आवाजाचे भाग हाताने रोखून धरले.

दुपारी साहेब आले. नवीन होते, तीन महिन्यांचे. वाईट माणूस नव्हता, पण खुर्चीला जपणारा. असली माणसं वाईटापेक्षा महाग पडतात.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मी आल्यापासून बाहेरची एजन्सी मागे लागलीय. केंद्र आम्हाला द्या म्हणतायत. आजवर मी काय सांगत आलो? की आमची माणसं त्यांच्या माणसांपेक्षा वेगवान आहेत. आज सांगू काय?"

"मशीनाची चूक आहे साहेब, माणसांची नाही."

"वर मशीन वेगळं आणि माणूस वेगळा असं कोण बघतं? आणखी एकदा असा गोंधळ झाला, तर केंद्र गेलं म्हणून समजा. चौदाही जण घरी."

आठ नंबरने ते ऐकलं. न दिसणाऱ्यांच्या खोलीत हळू बोलून उपयोग नसतो, हे साहेबांना तीन महिन्यांत कळलं नव्हतं. "ऐकलंत का मंडळी?" तो म्हणाला. "आंधळं दळतंय, आणि पीठ खाणारं आता जातंही उचलून न्यायला बघतंय."

कुणी हसलं नाही.

खुडबुड्याने त्याच आठवड्यात प्रणाली बनवणाऱ्यांच्या समितीला पहिलं पत्र लिहिलं. परक्या भाषेत, एका हाताने कोश उघडून. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिलंच वाक्य: "तुम्ही अंदाजावर चौदा माणसांचे कान कापलेत."

उत्तर आलं ते अपडेटचा प्रोग्राम सांभाळणाऱ्याकडून. नोकरीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, दिवसभर तेच करायचा. खुडबुड्याने त्याचं नाव पेन्शनर ठेवलं. पेन्शनरने लिहिलं, की अंदाजाची पद्धत बारा वर्षं व्यवस्थित चालू आहे आणि आपल्या भाषेत थोडा संयम असावा. खुडबुड्याने लिहिलं, संयम चौदा माणसांनी पाच तास दाखवलाय, आणखी किती हवा?

अशी दोन वर्षं गेली. चारशे सव्वीस पत्रं. त्याची मागणी एवढीशी होती. दारावरच्या पाटीत आणखी एक ओळ घाला: आवृत्ती कोणती. प्रत्येक आवृत्तीने ती एकाच जागी, एकाच पद्धतीने लिहावी. कुठल्याही प्रोग्रामने अंदाज बांधू नये, ओळ वाचावी. झालं! शेंबड्या पोराला पटेल अशी गोष्ट. पण शहाण्यांना पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. डेस्कटॉपवाले म्हणाले, आम्ही आवृत्ती नाहीच, आम्हीच मूळ, आम्ही का लिहावं? सर्व्हरवाले म्हणाले, आमची रिकामी फाइल चांगली चाललीय. एकाने नुसतं ओळ फाइलच्या वर असावी की खाली, ह्यावर सात आठवडे घालवले. खुडबुड्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, एक घास तोंडात आणि दोन बोटं कीबोर्डवर. घास तसाच गालात राहायचा.

"तू जेवतोस की भांडतोस?" ताई विचारायची.

"दोन्ही."

"मग अपचन होईल तेव्हा कुठलं कशामुळे ते कळायचं नाही."

पण हळूहळू गाडी रुळावर आली. समितीची अध्यक्ष एक शांत, नेमकं बोलणारी बाई होती. तिने एक दिवस मुद्द्याला हात घातला. त्या दिवसांत एका टवाळाने पडद्यावर मांजराचं चित्र लावलं होतं आणि तेवढ्यावर मांजर आवृत्ती म्हणून जाहीर केली होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "उद्या ह्या मांजरवाल्यानेही त्या ओळीत आपलं नाव लिहिलं, तर प्रोग्रामने काय करायचं?"

खुडबुड्याचं टाळकं सटकलं. आपण इथे माणसांच्या भाकरीचं बोलतोय आणि ह्यांना मांजर सुचतंय! वर अभिमानही होताच. आमची आवृत्ती कुठे, हा पोरखेळ कुठे. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात. इथे जिभेऐवजी बोटं होती, एवढाच फरक. त्याने एका दमात लिहिलं: "मान्य आवृत्त्यांची यादी करा. यादीत जी नाही तिला आवृत्ती मानायचंच नाही. प्रोग्रामने तिला मूळ प्रणाली समजावं आणि जे जास्तीचं असेल ते काढून मुळासारखं करून टाकावं."

अध्यक्षबाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "अतिशय स्वच्छ वाक्य." पेन्शनरसुद्धा म्हणाला, की हे मला अमलात आणता येईल. तेच वाक्य कलम सात झालं. शब्दाला शब्द.

खुडबुड्याने ते ताईला वाचून दाखवलं. नववी नापास माणसाचं वाक्य जगभरातल्या मशीनांना लागू होणार होतं. छाती फुगणारच.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यादी कोण करणार?"

"केलीय. पाचवं नाव आपलं."

"राहील ना?"

"राहील म्हणजे काय ताई? माझा नियम आहे तो!"

"नियम एकदा घराबाहेर पडला की त्याला बाप नसतो," ताई म्हणाली, आणि हेडफोन चढवला.

शेवटच्या मसुद्यात यादीच्या खाली दोन ओळी वाढल्या होत्या. कुणी वाढवल्या ते शोधण्यात अर्थ नव्हता. चुकीच्याही नव्हत्या, हेच तर. यादीत राहायला आवृत्तीला तीन राखणदार, म्हणजे तिची देखभाल करणारे, हवेत, आणि तिघांनीही गेल्या बारा महिन्यांत काम केलेलं हवं. का? तर राखणदार नसलेली आवृत्ती सडते, आणि सडकी आवृत्ती लोकांना गोत्यात आणते. खुडबुड्याने वाचलं, मान डोलावली, आणि मग बोटांवर मोजलं. एक तो स्वतः. दुसरा पियानोवाला. तिसरा?

पियानोवाल्याने चौदा महिन्यांत एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं. खुडबुड्याने पुन्हा लिहिलं. ह्या वेळी त्याच्या मुलीचं उत्तर आलं. वडील मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मशीनाचा पासवर्ड आम्हालाही माहीत नाही. ते तुमच्या केंद्राबद्दल बोलायचे. चौदा माणसं माझ्या आवाजावर काम करतात, असं पाहुण्यांना सांगायचे.

ते पत्र त्याने आठ नंबरला वाचून दाखवलं. आठ नंबरने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मला कर राखणदार. ताईला कर. आम्ही रोज आठ तास हीच आवृत्ती खातोपितो. आमच्याएवढं कोण ओळखतं तिला?"

दोघांनी अर्ज भरायला घेतले. अर्जाच्या शेवटी एक चित्र होतं. चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल.

"काय आहे चित्रात?" ताईने विचारलं.

खुडबुड्याच्या तोंडून शिवी गेली. ताईसमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

"अरे सांग ना," आठ नंबर म्हणाला. "मी माणूस आहे की नाही हे आता तुझ्या डोळ्यांवर आहे. नीट बघून लिही रे बाबा."

अक्षरं त्याने भरली. अर्ज गेले. आठवड्याने परत आले: ह्या दोघांचं गेल्या बारा महिन्यांतलं काम नोंदलेलं दिसत नाही. पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करावा. खुडबुड्याने सवलत मागितली. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता त्याने, ह्या पत्रात पसरला. शेवटी 'विनंती' असा शब्द लिहिला आणि तो शब्द खोडून पुन्हा लिहिला. अध्यक्षबाईंनी खूप सौजन्याने उत्तर दिलं. तुमची तळमळ समजते. पण एकाला सवलत दिली की यादीला अर्थ राहत नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

मतदान झालं. नियम पास. आभाराच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं. मान्य आवृत्त्यांच्या यादीत पाचव्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं.

पहिल्याच अपडेटला प्रोग्रामने चौदा मशीनांची पाटी वाचली. तिथे बोलकी आवृत्ती असं लिहिलेलं होतं, नियमाप्रमाणे, योग्य जागी, योग्य पद्धतीने. यादीत सापडलं नाही. कलम सात. आवाज गेला.

ह्या वेळी खुडबुड्या तयार होता. तो पहाटे चारला येऊन बसला होता आणि आठच्या ठोक्याला मशीनं बोलत होती. पण अपडेट दर आठवड्याला यायचं. न घ्यावं, तर खात्याच्या सुरक्षा विभागाचा फतवा होता: अपडेट नसलेल्या मशीनाची लाइन तीस दिवसांनी तोडली जाईल. घ्यावं, तर दर सोमवारी चौदा मशीनं मुकी. आवाजाचे भाग त्याने मागच्यासारखे हाताने रोखून धरले, तर पुढच्या अपडेटने ते रोखणंही जास्तीचं म्हणून काढून टाकलं. तीन सोमवार तो पहाटे टेबलांखाली होता. चौथ्या सोमवारी अकरावं मशीन हट्टाला पेटलं, आठ वाजून गेले, आणि साहेब दारात उभे होते.

"दुसरी वेळ," साहेब म्हणाले.

"एक मशीन आहे साहेब. तेरा चालू आहेत."

"आज एक." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडता आलं असतं.

त्या दुपारी खुडबुड्याने ते केलं, जे करू नये म्हणून तो दोन वर्षं जगाशी भांडला होता. चौदा मशीनांच्या पाटीवर त्याने खोटं नाव लिहिलं: डेस्कटॉप. सर्व्हर लिहून उपयोग नव्हता, आवाज गेलाच असता. डेस्कटॉपला आवाजाची परवानगी होती. म्हणजे ओळ होती, जागा बरोबर, पद्धत बरोबर, आणि आत धडधडीत थाप.

पुढच्या सोमवारी आवाज राहिला. पण मशीन डेस्कटॉप आहे म्हटल्यावर प्रोग्रामने डेस्कटॉपचा सगळा संसार आणून ओतला. पडद्यावर खिडक्या आल्या, रंग आले, सावल्या आल्या, कोपऱ्यात फिरणारं घड्याळ आलं. जे बघायला खोलीत एक माणूस नव्हता ते सगळं आलं. जुनाट मशीनं त्या ओझ्याखाली धापा टाकायला लागली. बोलायची, पण चार सेकंद उशिरा.

चार सेकंद म्हणजे काय, हे ज्याच्या दोन कानांत दोन आवाज चालू असतात त्यालाच विचारावं. तक्रारदार तिसऱ्या वाक्यावर असायचा आणि मशीन पहिल्याचं उत्तर द्यायचं. ताईने एका म्हातारीला दुसऱ्याच पाइपची माहिती दिली. मग माफी मागितली, मग पुन्हा फोन लावून पुन्हा माफी मागितली. नऊ वर्षांत तिच्यावर ती वेळ आली नव्हती. पाच नंबरने हेडफोन काढून डोकं टेबलावर टेकलं. एका फोनला पाच मिनिटं लागायला लागली. खात्याचा महिन्याचा तक्ता निघतो, त्यात हे आकडे गेले. रस्ते खात्यापेक्षा आपण अजून एका मिनिटाने पुढे आहोत, असं खुडबुड्याने साहेबांना सांगून पाहिलं.

"एजन्सी तीन मिनिटांत करून देते म्हणते," साहेब म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "मी प्रयत्न केला हो."

केला असेल. महिनाअखेरीला केंद्र गेलं. चौदाही जणांना राखीव म्हणून घरी पाठवलं. राखीव म्हणजे बोलावू तेव्हा या, आणि बोलावत कुणी नाही. शेवटच्या दिवशी आठ नंबरने खुर्ची चाचपून पाहिली आणि म्हणाला, "हिला नवीन माणूस मिळेल. डोळे असलेला. बिचारीला आता नटूनथटून बसावं लागेल." ह्या वेळी दोघंतिघं हसले, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. खुडबुड्याला पंपावर परत धाडलं.

दोन महिन्यांनी अध्यक्षबाईंचं पत्र आलं. नियम उत्तम चाललाय. इतर प्रणालींचे लोकही त्याचं अनुकरण करतायत. आपण यादीच्या समितीवर यावं, ही सर्वांची इच्छा. त्याने ते पत्र पंपघरात वाचलं, मोबाइल खिशात टाकला, आणि एका गंजलेल्या नटावर पाना मारत राहिला. हातातच नट तुटला. नकार लिहायला घेतला होता. पण मग होकार कळवला. आत गेल्याशिवाय कलम सात निघणार नव्हतं.

आठ महिने लागले, तेही पुढच्या बैठकीची वाट बघण्यात. प्रत्यक्ष काम, मोबाइलवरच्या बैठकीत, दहा मिनिटांचं निघालं. त्याने लिहून ठेवलं होतं: "पाटीवरचं नाव यादीत नसेल, तर प्रोग्रामने मशीनातलं काहीही काढू नये." आणि खाली: "आवृत्तीला एक राखणदारही चालेल. मात्र ती रोज वापरणाऱ्याने दर वेळी चाचणी घेतली पाहिजे, आणि बोलक्या आवृत्तीची चाचणी पडदा न बघणाऱ्याने." ही शेवटची अट त्याने विचार करून घातली होती. दिसणारा माणूस चाचणी घेतो तेव्हा आवाज अडला की हळूच पडद्याकडे बघतो आणि ठीक आहे म्हणतो. कुणीही वाद घातला नाही. सगळे हात वर. पेन्शनर म्हणाला, "हे पहिल्यापासूनच असायला हवं होतं."

पहिल्यापासून! खुडबुड्याने मोबाइल उलटा ठेवला आणि पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शिवी द्यावी तर कुणाला? कलम सातचं वाक्य लिहिणारा तोच.

बोलकी आवृत्ती यादीत आली. राखणदार: एक. चाचणी: शनिवारपर्यंत कळवावी.

शनिवारी तो ताईकडे गेला. केंद्र सुटल्यापासून ती मागच्या खोलीत असायची. भंगारात जाणारं पहिल्या नंबरचं मशीन त्याने मागून आणून तिच्या टेबलावर ठेवलं होतं. त्यावर आता कापडाच्या घड्या होत्या.

"ताई, झालं. कलम बदललं."

"बरं झालं."

"आपली आवृत्ती यादीत आहे. आता कुणी हात लावणार नाही तिला."

"किती मशीनांवर आहे ती?"

त्याला उत्तर माहीत होतं. "हे एक."

"अच्छा."

"चाचणी घ्यायचीय. तासाभराचं काम. तू बसायचंस, मी फक्त लिहून घेणार. आज कळवायचंय."

ताईने घड्या उचलल्या नाहीत. हात मांडीवर होते, एकावर एक, जसे फोनच्या मधल्या वेळात असायचे.

"नाही बसणार."

"अगं तासभरच…"

"तासाचं नाही रे. रोज वापरणाऱ्याने चाचणी घ्यायची असं तूच लिहिलंयस ना? मी रोज कुठे वापरते? वापरून करू काय? पाइप कुठून येतो ते कुणाला सांगू?" आवाज चढला नव्हता. तक्रारदाराशी बोलायची तशीच बोलत होती, नीट, एकेक शब्द. "चौदा जण होतो तेव्हा मी बसत होते. आता यादीसाठी बस म्हणतोस. यादीला काय, नाव असलं काय, नसलं काय."

"नाही घेतली तर पुन्हा निघेल नाव."

"निघू दे."

 बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. ताईने एकदा विचारलं, चहा टाकू का. तो नको म्हणाला. मग मोबाइल काढला आणि समितीचं पान उघडलं. तिथे दोनच चौकोन होते: चाचणी झाली, चाचणी झाली नाही. पहिल्यावर बोट टेकवलं असतं, तर जगात कुणाला कळलं नसतं. मशीन चांगलं होतं, बोललंही असतं, ह्याची त्याला खात्री होती. खोटी ओळ कशी लिहायची हेही आता येत होतं.

"काय करतोयस?" ताईने विचारलं.

"कळवतोय."

"काय कळवतोयस?"

"झाली नाही म्हणून."

त्याने दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. खाली कारणाची जागा होती. त्याने परक्या भाषेत, ह्या वेळी कोश न उघडता, लिहिलं: रोज वापरणारं कुणी उरलं नाही. पाठवलं.

"चहा टाकतेस?" तो म्हणाला.

ताई उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे गेली, आणि आतून म्हणाली, "साखर संपलीय. घेऊन ये."